ढाल तुटते तेव्हा

वर्तमानपत्र उघडले की रोज कुठे ना कुठे एखाद्या पक्षाने 'आक्रमक पवित्रा' घेतलेला असतो. सभागृहातली चर्चा 'हातघाईवर' येते. मध्यस्थ आला की दोन्ही बाजू 'तलवारी म्यान' करतात. आणि घरात कुणाच्या 'तोंडाचा पट्टा' सुरू झाला की बाकीचे मुकाट्याने आपल्या ताटात बघू लागतात. हे सारे शब्द तालमीतून आणि रणातून आपल्या बोलण्यात आले. पवित्रा म्हणजे वार करण्याआधी आणि वार चुकवताना पाय कसे टाकायचे, शरीर कसे धरायचे त्याची ढब. पट्टा फिरू लागला की मध्ये थांबत नाही आणि समोरच्याला जवळ येऊ देत नाही. 'तोंडाचा पट्टा' हा शब्दप्रयोग ज्याने पहिल्यांदा केला, त्याने खरा पट्टा फिरताना डोळ्यांनी पाहिलेला असणार. आपण शब्द जपले. ज्या वस्तूंवरून ते आले, त्या मात्र हातातून गेल्या.

आमची धायरी सिंहगडाच्या वाटेवरची. २०१७ साली ती पुणे महापालिकेत आली, शेतांच्या जागी इमारती आल्या. पण इमारतींच्या फटीतून नैर्ऋत्येला अजून गड दिसतो. आकाश निवळ असले तर गडावरचा दूरदर्शनचा मनोराही दिसतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री त्या गडावर काय घडले, ते मराठी घरातल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र गोष्ट सांगताना एका जागी मूल हमखास अडवते. ढाल तुटली, तर तानाजीने उदेभानाचा वार आपल्या तलवारीवर का घेतला नाही? हातावर का घेतला? सिनेमात तर तलवारीवर तलवार खणाखण आपटत असते!

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ 'तो शूर होता म्हणून' असे नाही. हत्यार हातात कसे बसते, ते काय करू देते आणि काय करू देत नाही, यात ते दडलेले आहे. त्यासाठी जरा दुरून यावे लागेल.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. संग्रहालयात काचेआड तलवार पाहणारा माणूस शेजारच्याला हलक्या आवाजात सांगतो, "पंधरा-वीस किलोची असेल हो! त्या काळची माणसंच वेगळी." माणसे वेगळी असतील, तलवार मात्र वीस किलोची नव्हती. हाती धरून लढायची तलवार साधारण किलोच्या आसपास, कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त. दिवसभर घोड्यावर बसून, उन्हातान्हात, जिवावर बेतलेल्या घाईत जे हत्यार शंभरदा उचलायचे, ते जड असून कसे चालेल? खरी करामत वजनात नव्हती. ते वजन पात्यात किती आणि मुठीत किती, या वाटणीत होती.

बँकेत ऐन उमेदीची वर्षे खातेवह्यांवर वाकून काढल्यामुळे असेल, मला प्रत्येक हत्यार म्हणजे जमाखर्चाचे एक पान वाटते. जमेच्या बाजूला काही मांडले की खर्चाच्या बाजूला काहीतरी पडतेच. लांबी घेतली की चपळाई द्यावी लागते. हाताला लोखंडी कवच घेतले की मनगटाची मोकळीक जाते. फुकट काही मिळत नाही. मोठा योद्धा तो, ज्याला आपल्या हत्याराची खर्चाची बाजू तोंडपाठ असते.

आपल्याकडची वक्र तलवार घ्या. तिची मूठ लहान. खाली वाटोळी चकती, वर आडवी परज. हात आत घातला की चारही बोटे घट्ट बसतात आणि मनगट फारसे वाकवता येत नाही, कारण खालची चकती मनगटाला टेकते. आज आपण ती मूठ धरली की वाटते, 'अरे, ही तर मुलाच्या हाताची!' पण ती घट्ट असण्यातच तिचा उपयोग आहे. वार मनगटातून निघत नाही, खांद्यातून आणि कमरेतून निघतो. पाते अंगाला लागल्यावर ते ओढायचे. सुरीने भाकरी कापताना आपण नुसती सुरी दाबत नाही, मागे ओढतो, तेच तत्त्व. पात्याचा बाक ती ओढ आपसूक घडवून आणतो. ही झाली जमा. खर्च असा की या मुठीने टोक समोर रोखून भोसकणे अवघड, आणि मनगट खेळवून समोरच्याचे पाते अडवत बसणे त्याहून अवघड.

मराठ्यांना सरळ पातेही फार प्रिय होते. लांब, सरळ पात्याच्या तलवारीला धोप म्हणत. पोर्तुगीज आणि इतर युरोपी व्यापाऱ्यांकडून आलेली पाती इथल्या मुठीत बसवली की तिचे नाव फिरंग. सरळ पात्याने घोड्यावरून लांबवर पोचता येते, आणि टोकही कामाला येते. खांड्याच्या नि फिरंगेच्या मुठीला मागे एक दांडी काढलेली असते. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटते. प्रत्यक्षात जोरकस घाव घालताना दुसरा हात तिला धरता येतो.

धार राखणे हाही हत्यार चालवण्याचाच भाग. लुई नोलन नावाच्या ब्रिटिश घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८५३ साली घोडदळावर एक पुस्तक लिहिले. निजामाच्या स्वारांनी केलेल्या जखमा ऐकून तो चकित झाला होता. कसले पाणी असेल त्यांच्या तलवारींना, म्हणून चौकशी केली, तर निघाले काय? पाती इंग्रजी फौजेनेच टाकून दिलेली जुनी! स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली, आणि लाकडी म्यानात ठेवल्या. इंग्रजांची म्याने लोखंडी. तलवार काढता-घालताना धार मरायची. वार करायला शिकवता कसे, असे विचारल्यावर, धार असली की तलवार कुणाच्याही हातात कापते, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. धार जपायची तर पाते पात्यावर आपटायचे नाही, हे ओघानेच आले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

आता पट्टा. कोपराच्या अलीकडपर्यंत येणारा लोखंडी हातमोजा, त्याच्या आत मुठीत धरायची आडवी दांडी, आणि पुढे तीन-साडेतीन फुटांचे सरळ, दुधारी, लवचीक पाते. कट्यारीची मूठही अशीच आडवी. पट्टा हे कट्यारीचेच वाढलेले रूप असावे, असे शस्त्रांचे अभ्यासक मानतात. पट्टा चढवला की मनगट संपले. हात आणि पाते मिळून एकच लांब दांडा होतो. तो फिरवायचा तर खांदा फिरला पाहिजे, खांदा फिरायचा तर कंबर, आणि कंबर फिरायची तर पाय. म्हणून पट्टेकरी सारखा नाचल्यासारखा दिसतो: बैठक, उडी, गिरकी, पुन्हा बैठक.

एका कादंबरीच्या निमित्ताने मी कोल्हापूरच्या एका वृद्ध वस्तादांकडे चार दिवस जाऊन बसलो होतो. पहिल्या दिवशी मी पात्याकडे टक लावून पाहत होतो. ते म्हणाले, "सायेब, हाताकडं काय बघताय? पायाकडं बघा. पाय चुकला की हात गेला."

पट्ट्याची जमा मोठी आहे. हात कोपरापर्यंत सुरक्षित, पल्ला लांब, आणि एकट्याने चौघांना दूर ठेवता येते. अरुंद खिंड अडवायची असेल किंवा धन्याच्या भोवती कडे करायचे असेल तर याच्यासारखे हत्यार नाही. १३ जुलै १६६० ला घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू आपल्या चित्रकारांनी आणि शाहिरांनी उभे केले, ते उगाच नव्हे. पण खर्चही तेवढाच. पट्टा म्यान करता येत नाही. तो चढवलेल्या हाताने लगाम धरता येत नाही, दोर पकडता येत नाही, पडलेल्या सोबत्याला उचलता येत नाही. आणि पट्टा फिरत असताना आपल्याच माणसाने लांब राहायचे असते.

प्रतापगडच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जे घडले, त्यात हा जमाखर्च स्पष्ट दिसतो. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या बखरीत ती हकीकत आहे. अफझलखानाने महाराजांना मिठीत आवळले. मिठीत तलवार निरुपयोगी. तिला हातभर मोकळी जागा लागते. खानाने जमदाड चालवली, ती अंगरख्याखालच्या चिलखतावरून खरवडत गेली. महाराजांकडे वाघनखे आणि बिचवा. वाघनखे म्हणजे एक पट्टी, तिला दोन अंगठ्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या नख्या. मूठ मिटली की बाहेरून नुसत्या अंगठ्या दिसाव्यात. बिचवा नागमोडी, आखूड, अस्तनीत मावणारा. या दोन्हींचा पल्ला वीतभर. मोकळ्या मैदानात त्यांना कुणी विचारणार नाही. पण दोन छात्यांमधले अंतर संपते तिथे राज्य त्यांचेच. महाराजांनी निवडले ते त्या एका क्षणाला लागणारे हत्यार.

त्याच हकीकतीतला पुढचा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो. खानाचा सय्यद बंडा पट्टा घेऊन महाराजांवर धावला. जिवा महालाने त्याच्या खांद्यावर वार करून पट्ट्याचा हात हत्यारासकट तोडला, असे सभासद सांगतो. खांद्यावरच का? पट्टेकऱ्याच्या बोटांवर किंवा मनगटावर वार करून उपयोग नाही, तिथे लोखंड आहे. हत्याराला झटका देऊन ते हातातून उडवता येत नाही, कारण ते हाताला जखडलेले आहे. पट्टा थांबवायचा तर हात जिथे सुरू होतो तिथेच गेले पाहिजे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण निष्ठेसाठी वापरतो. जिवाला पट्ट्याची खर्चाची बाजू पाठ होती, हेही तिच्यात आहे.

भाल्याचे पान निराळे. टोक समोर असेतो भालाईत राजा. तलवारवाला ते टोक टाळून आत शिरला की लांब दांडा ही अडचण. मराठ्यांनी यावर एक गमतीदार तोड काढली होती, ती म्हणजे विटा. हा आखूड भाला. त्याला दोरी, आणि दोरीचे टोक मनगटाला. फेकायचा आणि झटक्यासरशी परत ओढून घ्यायचा. फेकलेले हत्यार म्हणजे गमावलेले हत्यार, हा जगभरचा नियम एका दोरीने मोडला. घोड्यावरच्या भालाफेकीचा सराव बोथाटीने होई. तिला पाते नाही; टोकाला कापडाचा गोळा, तो रंगात बुडवलेला. खेळ संपल्यावर अंगरख्यावरचे डाग मोजायचे. डाग खोटे बोलत नाहीत.

आता ढालीकडे आणि कोंढाण्याकडे येऊ. आपली ढाल गोल, गेंड्याच्या नाहीतर म्हशीच्या कातड्याची किंवा लोखंडी, मधून फुगीर. आत दोन बंद आणि त्यांच्याखाली छोटी गादी. दोन्ही बंद एका मुठीत धरायचे. म्हणजे ढाल हाताला बांधलेली नसते, मुठीत खेळती असते. तिचे काम वार अंगावर झेलणे एवढेच नाही. वार तिरका घेऊन घसरवून द्यायचा, समोरच्याचा हात दाबायचा, त्याची नजर झाकायची. म्हणजे आपल्या पद्धतीत कामाची वाटणी स्वच्छ होती. उजवा हात मारणार, डावा हात वाचवणार. तलवारीची मूठ अशी की अडवायला सोयीची नाही. धार अशी की ती पात्यावर आपटून बोथट करायची नाही. उजव्या हाताने मुक्तपणे मारावे, हे सगळे डाव्या हाताच्या भरवशावर.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. कडा चढून गेलेल्या मावळ्यांकडे लांब भाले असण्याचा संभव नाही. चढताना दोन्ही हात खडकाला लागतात. कमरेला आणि पाठीला बांधता येईल तेवढेच न्यायचे. वर गेल्यावर अंधार, गर्दी आणि हातघाई. सभासद सांगतो की तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली, वेळेवर दुसरी मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली, त्यावर वार घेतले, आणि दोघेही एकमेकांच्या हातून पडले. हाताला वस्त्र गुंडाळल्याचे लोकपरंपरा सांगते. तेही अडाणीपणाचे नव्हे. कापडाचे अनेक पदर ओढून केलेल्या वाराला काही काळ दाद देत नाहीत. युरोपातले तलवारबाजही प्रसंगी डाव्या हाताला झगा गुंडाळून लढत.

ढाल तुटल्यावर तानाजीसमोर दोन वाटा होत्या. तलवार अडवण्यासाठी वापरायची, म्हणजे मारणे सोडायचे. किंवा उजवा हात मारता ठेवायचा आणि डावा हात खर्ची टाकायचा. त्याने दुसरी वाट धरली. वेडाच्या भरात घेतलेला हा निर्णय नव्हता. आयुष्यभर तालीम केलेल्या माणसाने क्षणात केलेला हिशेब होता. त्या हिशेबात डावा हात, आणि पुढे सगळेच, खर्चाच्या बाजूला पडणार हे त्याला दिसत असणार. मला तरी यामुळे त्याचे शौर्य कमी वाटत नाही, उलट जास्त जवळून कळते.

हे ज्ञान पुढे कुठे गेले? १८१८ साली पेशवाई गेली, फौजा मोडल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातात हत्यार असणे सरकारच्या परवान्यावर आले. पण हाताने शिकलेली विद्या कायद्याने एकदम मरत नाही. ती तालमीत शिरली. पुण्यात लहुजी साळवे वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा आणि निशाणेबाजी शिकायला वेगवेगळ्या जातींची मुले येत; तरुण जोतीराव फुले त्यांपैकी एक. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवले. बडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश तयार केला, त्यात हे हात आणि पवित्रे नोंदले गेले.

आणि तालमीने एक शहाणपणाची सोय पूर्वीच केलेली होती, ती म्हणजे फरीगदगा. तलवारीऐवजी चामड्याने मढवलेली काठी, हा गदगा. आणि छोटी ढाल, ती फरी. मार लागतो, जीव जात नाही. जपानी लोकांनी बांबूची तलवार करून केंदो हा खेळ उभा केला आणि तो शाळाशाळांतून नेला. आपल्याकडे फरीगदगा होता, पण त्याला शाळेचे वेळापत्रक तेवढे लाभले नाही. आपली मुलगी भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत उतरली, ऑलिंपिक गाठणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली, याचा आनंद आहेच. तिच्या हातातले हत्यार आणि नियम मात्र युरोपातले.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली. प्रतापगडावर वापरली ती हीच, याचा पुरावा नसल्याचे त्या संग्रहालयानेच सांगितलेले आहे. तरी ती पाहायला लोक गेले, आणि त्यात गैर काही नाही. वस्तूला मान मिळावा. पण वस्तू काचेच्या पेटीत टिकते. ती चालवण्याची विद्या पेटीत टिकत नाही. ती एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाते. वस्ताद थकले आणि समोर पोर उभे राहिले नाही, तर ती तिथेच संपते. मग उरतो तो सिनेमा, ज्यात एका वारात दहा माणसे पडतात आणि कुणाचीच ढाल तुटत नाही.

तालमीतल्या विद्येत आणि मिरवणुकीत तलवार उंच नाचवण्यात फरक आहे, तोही मुलांना कळायला हवा. मर्दानी खेळात निजलेल्या गड्याच्या अंगावर लिंबू ठेवून पट्ट्याने कापतात. लोक टाळ्या वाजवतात त्या लिंबाचे दोन तुकडे झाले म्हणून. वस्तादाची नजर असते पाते कुठे थांबले याच्यावर. मारता तर कुणालाही येते. हवे तिथे थांबवता येणे, ही तालीम. आज अनेक गावांत मुलीही लाठी आणि पट्टा शिकतात. त्यांना त्यातून मिळते ते हेच: पायाखालची जमीन ओळखणे, अंतर ओळखणे, आणि हात आवरणे. संसाराला, नोकरीला, रस्त्यावरच्या भांडणालाही ते उपयोगी पडते.

तेव्हा सवड काढून मुलांना राजा केळकर संग्रहालयात न्या, आणि पात्यांपेक्षा मुठी पाहायला सांगा. मर्दानी खेळ पाहायला न्या, आणि पाय पाहायला सांगा. आणि सिंहगडावर तानाजीच्या समाधीपाशी मुलाने तो प्रश्न विचारलाच, तर लांबलचक भाषण देऊ नका. खिशातला रुमाल काढून त्याच्या डाव्या हाताला गुंडाळा, आणि त्यालाच विचारा, यावर किती वार घेशील?

थोडा वेळ ते गप्प राहील. त्याला तेवढा वेळ द्या.